चारशे कागदांचं टेबल

पत्र :

"मी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात कनिष्ठ सहायक आहे. प्राथमिक शिक्षकांच्या आस्थापनेचं टेबल एप्रिलमध्ये माझ्याकडे आलं. आधीच्या सहायकांची बदली झाली होती. कार्यभाराची यादी दोन पानांची मिळाली, कागद मात्र कपाटभर. अंदाजे चारशे तरी प्रलंबित असतील, नेमके किती ते मलाही सांगता येणार नाही. रोज बारा-पंधरा नवे येतात. त्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आजच ५ वाजेपर्यंत माहिती सादर करा' असे निरोप. शिक्षक समोर येऊन उभे राहतात, फाइल सापडत नाही, शोधण्यातच अर्धा तास जातो. संध्याकाळी साडेसात-आठशिवाय निघणं होत नाही, शनिवारीही येऊन बसते. पुढच्या महिन्यात जिल्हा परिषदेची दप्तर तपासणी आहे. कामांची नोंद ठेवणारं एखादं ॲप घ्यावं का? आणि आता वैद्यकीय बिलांचं टेबलही माझ्याकडे द्यायचं चाललंय. नाही कसं म्हणू?"

उत्तर :

ॲप घेऊ नका, निदान सध्या तरी. तुमच्या पत्रातली खरी अडचण "नेमके किती ते सांगता येणार नाही" या शब्दांत आहे. जे मोजलेलं नाही त्याला कुठलंही ॲप क्रम लावू शकत नाही. शिवाय शिक्षकांची सेवाविषयक आणि आजारपणाची माहिती स्वतःच्या फोनमधल्या खासगी ॲपवर टाकणं योग्यही नाही. तुमच्या कामाला लागणारं साधन तुमच्या कार्यालयात आधीपासून आहे. कार्यविवरण नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक कागदाची आणि त्यावरच्या कार्यवाहीची नोंद ठेवणारी वही, आणि सहा गठ्ठे. बहुतेक ठिकाणी हे दोन्ही तपासणीच्या आदल्या आठवड्यात बाहेर निघतात आणि तपासणी झाली की पुन्हा आत जातात. ही पद्धत तपासणीसाठी निघालेली नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयातली कागदांची, टेबलांची आणि कपाटांची मांडणीच बदलली. 'लखिना पॅटर्न' म्हणून ती राज्यभर गेली. लिपिकाला आपल्याकडे काय आहे ते एका नजरेत कळावं, हा तिचा मूळ हेतू, आणि तुम्हाला आज नेमकं तेच हवं आहे.

पहिलं काम : सगळा ढीग एकदा मोजून वेगळा करणं. त्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून दोन दिवस सकाळी दहा ते दीड अशी सवड मागून घ्या. तोंडी मागू नका, चार ओळींची टिप्पणी ठेवा आणि तपासणीचं कारण द्या. तपासणी जवळ असताना ही परवानगी सहज मिळते. तेवढा वेळ नवं टपाल शेजारच्या टेबलावर उतरवून ठेवायला सांगा.

वेगळं करताना कागद वाचायचा नाही. विषय, तारीख आणि शेवटची कार्यवाही बघायची, एका कागदाला एका मिनिटाहून जास्त द्यायचं नाही. चारशे कागदांचे सात तास होतात, म्हणून दोन सकाळी. हमखास बिघडतं ते इथेच. एखादं प्रकरण हाती येतं, "हे आत्ताच करून टाकू" असं वाटतं, त्यात चाळीस मिनिटं जातात आणि मोजणी अर्धवट राहते. कितीही छोटं काम असलं तरी त्या दोन दिवसांत फक्त वेगळं करा. एकाच विषयाचं मूळ पत्र, त्यावरची स्मरणपत्रं आणि शिक्षकाचा दुसऱ्यांदा आलेला अर्ज एकत्र टॅगमध्ये ओवा. एवढ्यानंच चारशेचा आकडा बराच खाली येईल, कारण ढिगात एकच प्रकरण तीन-तीन रूपांत पडलेलं असतं.

गठ्ठे सहा : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं (ठरावीक तारखेला पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेश (कायम लागणारे शासन निर्णय), अभिलेख कक्षात पाठवायचे, आणि नष्ट करायचे. यातले पहिले दोन नीट वेगळे झाले तर निम्मी लढाई जिंकली, आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते. प्रलंबित म्हणजे पुढचं पाऊल माझं आहे. प्रतीक्षाधीन म्हणजे माझं पाऊल टाकून झालं, आता दुसऱ्याकडून काही यायचं आहे. मुख्याध्यापकांचा खुलासा, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पडताळणीला गेलेलं बिल, जिल्हा परिषदेची मंजुरी, असं काहीही. कसोटी सोपी आहे : कागदावर जावक क्रमांक आणि तारीख आहे का? असेल तर प्रतीक्षाधीन, नसेल तर प्रलंबित. "मुख्याध्यापकांना फोन केला होता" याला जावक क्रमांक नसतो, म्हणून ते प्रलंबितच. फाइल साहेबांच्या टेबलावर सहीला असेल तर तीही प्रतीक्षाधीनात धरू नका. तिची प्रलंबितातच वेगळी नोंद ठेवा, कारण ती परत आणायची जबाबदारी तुमचीच असते.

प्रत्येक गठ्ठ्याला वेगळ्या रंगाचं कापड किंवा निदान पुठ्ठ्याची मोठी पट्टी. पहिला गठ्ठा हाताशी, दुसरा त्याच्या शेजारी, तिसरा-चौथा कपाटाच्या मधल्या कप्प्यात, पाचवा-सहावा खाली. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात गेलाच पाहिजे, नाहीतर संपलेली प्रकरणं चालू प्रकरणांत मिसळतात आणि फाइल सापडेनाशी होते. तिथे पाठवताना पृष्ठ क्रमांक, अनुक्रमणिका आणि वर्ग लिहा : 'अ' कायम, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' ५ वर्षं, 'ड' एक वर्ष. नष्ट करण्याआधी लेखापरीक्षण झालं आहे का, त्या विषयावर न्यायालयीन प्रकरण किंवा माहिती अधिकाराचं अपील चालू आहे का, हे पाहून लेखी मंजुरी घ्या.

आता नोंदवही. मोजलेलं प्रत्येक प्रकरण तिच्यात चढवा. जुना शिल्लक कागद लाल शाईनं, नवा निळ्या. रकाने तुमच्या विहित नमुन्यात आहेतच, फक्त शेवटी पेन्सिलनं एक रकाना आखा : 'पुढची तारीख'. या प्रकरणाकडे मी पुन्हा कधी बघणार, ती तारीख. पेन्सिल अशासाठी की ती तारीख सरकत राहणार. एकही प्रकरण या रकान्यात कोरं नको, विशेषतः प्रतीक्षाधीनातलं. त्या गठ्ठ्याला कोणी विचारत नाही म्हणून तो शांत वाटतो आणि मग सहा महिन्यांनी शिक्षक विचारायला आले की समजतं, आपलं पत्र केंद्रप्रमुखांकडेच राहिलं होतं. पत्र पाठवल्यावर पुढची तारीख आठव्या दिवसाची टाका, त्या दिवशी फोन करा आणि फोनची नोंद रकान्यात करा. पंधराव्या दिवशी स्मरणपत्र, तिसाव्या दिवशी दुसरं स्मरणपत्र, पंचेचाळिसाव्या दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचं अर्धशासकीय पत्र. हे मसुदे संगणकावर तयार करून ठेवा, विषय आणि संदर्भ बदलला की पत्र तयार. टेबलावरच्या कॅलेंडरमध्ये त्या-त्या तारखेच्या चौकटीत फक्त नोंदवहीचा अनुक्रमांक लिहा. सकाळी आल्यावर आजची चौकट वाचली की दिवसाची यादी झाली.

प्रलंबितात आधी काय घ्यायचं, हा प्रश्न मनावर सोडू नका. न्यायालयीन प्रकरण, विधिमंडळाचा तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी, आणि माहिती अधिकाराचा अर्ज हे नेहमी वर. माहिती अधिकाराचे ३० दिवस कार्यालयात अर्ज आला त्या दिवसापासून मोजतात, तुमच्या टेबलावर आला त्या दिवसापासून नव्हे. अर्ज दुसऱ्या प्राधिकरणाचा असेल तर ५ दिवसांच्या आत हस्तांतरित करावा लागतो, म्हणून तो आला त्याच दिवशी वाचायचा. विलंबाला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड जन माहिती अधिकाऱ्यांना स्वतःच्या खिशातून भरावा लागू शकतो. तुमच्या टेबलावरच्या उशिरासाठी ते भरडले जाऊ नयेत. अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात शेवटची तारीख ठळक लिहा.

त्यानंतर निवृत्तीची प्रकरणं. यांना कोणी तातडीचं म्हणत नाही, पण यांच्या उशिराचा फटका सर्वांत जास्त बसतो, कारण पगार थांबलेला असतो आणि निवृत्तिवेतन सुरू झालेलं नसतं. नियमांप्रमाणे कागदपत्रांची तयारी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवी आणि प्रकरण सहा महिने आधी पुढे जायला हवं. अडतं बहुधा सेवापुस्तकात : वेतननिश्चितीची पडताळणी नाही, रजेची नोंद अर्धवट, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक, नामनिर्देशन जुनं. हे दोन वर्षं आधी सापडलं तर दुरुस्तीला वेळ असतो, दोन महिने आधी सापडलं तर शिक्षक चकरा मारत बसतात. म्हणून पुढच्या २४ महिन्यांत निवृत्त होणाऱ्यांची महिनावार यादी आजच काढा.

ती यादी हातानं काढू नका. तुमच्या तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांचा एकच मुख्य तक्ता एक्सेलमध्ये हवा, आणि व्हॉट्सॲपच्या 'आजच सादर करा' या निरोपांवरचा उपायही तोच आहे. एका शिक्षकाला एक ओळ. रकाने : शालार्थ क्रमांक (शिक्षकांच्या वेतन प्रणालीतला), नाव, शाळा, यू-डायस क्रमांक (शाळेचा), केंद्र, पदनाम, जन्मतारीख, पहिल्या नियुक्तीची तारीख, सध्याच्या शाळेत रुजू तारीख, प्रवर्ग, शैक्षणिक व व्यावसायिक अर्हता, बँक खातं, मोबाइल, निवृत्तीची तारीख. वरिष्ठ कार्यालयं वेगवेगळ्या नमुन्यांत जे मागतात त्यातलं बहुतेक या चौदा रकान्यांतूनच येतं. तक्ता तयार असेल तर फिल्टर लावून दहा मिनिटांत माहिती निघते. नसेल तर दर वेळी केंद्रप्रमुखांना ग्रुपवर निरोप, त्यांचा मुख्याध्यापकांना निरोप, आणि पंधरा वेगवेगळ्या नमुन्यांतल्या फाइली परत तुमच्याकडे.

तक्ता करताना तीन गोष्टी हमखास चुकतात. खातं क्रमांकाचा रकाना आकडे भरण्याआधी 'टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात आणि पंधरापेक्षा जास्त अंक असतील तर पुढचे अंक शून्य होतात. हे नंतर दुरुस्त होत नाही, क्रमांक पुन्हा भरावे लागतात. जन्मतारीख बिंदू देऊन लिहिली तर एक्सेल बहुधा तिला तारीख मानत नाही, तिरप्या रेघेनं किंवा आडव्या रेघेनं लिहा. आणि नावं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर ती शोधता येत नाहीत, क्रम लागत नाही आणि फोनवर उघडल्यावर अक्षरांचा गोंधळ दिसतो. सगळं यूनिकोडमध्येच हवं.

निवृत्तीच्या तारखेसाठी एक्सेलमधलं 'ईओमंथ' (EOMONTH) हे महिनाअखेरीची तारीख देणारं सूत्र वापरा. जन्मतारखेतून एक दिवस वजा करायचा आणि महिन्यांच्या जागी ६९६ लिहायचे, म्हणजे ५८ वर्षं. एक दिवस वजा का करायचा? महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. १ जून १९७० चा जन्म असेल तर सूत्र ३१ मे २०२८ देतं, १५ जून १९७० ला ३० जून २०२८. उत्तराच्या जागी पाच अंकी आकडा दिसला तर घाबरू नका, रकान्याला तारखेचा नमुना द्या. मग याच रकान्यावर क्रम लावला की चोवीस महिन्यांची यादी समोर.

तक्त्याची मूळ प्रत एकच, तुमच्या संगणकावर, आणि दर शुक्रवारी कार्यालयाच्या पेन ड्राइव्हवर त्याची दुसरी प्रत. बाहेर पाठवायची ती त्यातून काढलेली वेगळी फाइल. तिला नाव देताना तारीख आधी, तीही वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, मग विषय, मग कोणाला पाठवली. असं नाव दिलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमानं लागतात, आणि तीच माहिती दोन महिन्यांनी पुन्हा मागितली (मागतातच) तर जुनी फाइल अर्ध्या मिनिटात सापडते.

व्हॉट्सॲपवर आलेल्या मागणीलाही नोंदवहीत क्रमांक द्या. कोणी, किती वाजता, काय मागितलं, कधी दिलं. आज या कामाची नोंद कुठेच नाही, म्हणून महिनाअखेरीस दिवस कुठे गेले ते कुणाला दाखवता येत नाही. ग्रुप दिवसातून तीनदा पाहा : पावणेदहाला, दीडला, चारला. ज्या साहेबांचा निरोप खरोखर थांबू शकत नाही ते फोन करतात, त्यांच्याच ग्रुपची सूचना चालू ठेवा, बाकीच्या बंद.

दिवसाच्या आखणीबद्दल. कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा आहे. पावणेदहाला कॅलेंडरची चौकट आणि ग्रुप. दहा ते साडेअकरा फक्त टिप्पण्या, रोज निदान पाच. या दीड तासात टपाल उघडायचं नाही. साडेअकराला टपाल, नोंद, लगेच गठ्ठ्यात. दुपारी जेवणानंतर प्रतीक्षाधीनांचे फोन आणि स्मरणपत्रं. तीन ते पाच शिक्षकांना भेट. भेटीची वेळ तुमच्या एकटीच्या सांगण्यानं पाळली जाणार नाही, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचा फलक दाराशी लागायला हवा आणि ती वेळ केंद्रप्रमुखांच्या बैठकीत जाहीर व्हायला हवी. लांबच्या शाळेतून अर्धी रजा टाकून आलेल्या शिक्षकाला मात्र वेळ झाली नाही म्हणून परत पाठवू नका. नोंदवहीतला क्रमांक, सध्याची स्थिती आणि पुढची तारीख एका चिठ्ठीवर लिहून द्या, तीन मिनिटं लागतात आणि पुढची चक्कर वाचते.

एका जातीची प्रकरणं एकत्र घ्या. सोमवारी रजा, मंगळवारी वेतननिश्चिती आणि सेवापुस्तकातल्या नोंदी, बुधवारी भविष्य निर्वाह निधीचे अग्रिम, गुरुवारी निवृत्ती. नियमांचं तेच पान उघडं असतं, तोच मसुदा समोर असतो, म्हणून तिसऱ्या फाइलपासून वेग दुप्पट होतो. शुक्रवार नियतकालिकांना आणि गोषवाऱ्याला. नियतकालिकांचा एक तक्ता भिंतीवर हवा : विवरणपत्राचं नाव, कोणाला, कोणत्या तारखेला, माहिती कुठून येते, आणि काम सुरू करण्याची तारीख. काम सुरू करण्याची ही तारीख देय तारखेच्या पाच कामाचे दिवस आधीची. बहुतेक तक्त्यांत ती नसते, म्हणून विवरणपत्र ज्या दिवशी द्यायचं त्या दिवशीच आठवतं.

टिप्पण्या परत येणं हा वेळेचा मोठा खड्डा आहे. तुमच्या फाइली "चर्चा करा" असा शेरा घेऊन येत असतील तर बहुधा दोन कारणं असतात : नियमाचा किंवा शासन निर्णयाचा संदर्भ पताका लावून जोडलेला नसतो, किंवा शेवटी नेमका प्रस्ताव नसतो. विषय, अर्जदाराची मागणी, वस्तुस्थिती, नियम, पूर्तता, आणि "मंजूर करण्यास हरकत नाही" किंवा "अमुक कारणास्तव नामंजूर करावे" असा स्पष्ट प्रस्ताव. "योग्य त्या आदेशार्थ सादर" एवढंच लिहून सोडलं तर निर्णयाचं ओझं वर जातं आणि फाइल खाली येते. स्थायी आदेशांचा चौथा गठ्ठा इथे कामाला येतो. शासन निर्णय विषयवार लावा, पहिल्या पानावर अनुक्रमणिका, आणि प्रत्येकाचा दिनांक व सांकेतांक लिहा. जुना निर्णय अधिक्रमित झाला असेल, म्हणजे त्याच्या जागी नवा आला असेल, तर त्यावर तसं ठळक लिहून नवा त्याच्या वर लावा.

त्रुटी काढतानाही एकच पत्र. अर्जात चार गोष्टी कमी असतील तर चारही एकाच वेळी कळवा. एक-एक करून कळवल्या तर एका प्रकरणाचे चार कागद होतात, चारदा नोंद, चार स्मरणपत्रं, आणि शिक्षकाला चार फेऱ्या. राज्याच्या बदल्या व विलंब प्रतिबंधाच्या २००५ च्या अधिनियमात कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं म्हटलं आहे. स्वतःच्या टेबलासाठी तोच मापदंड ठेवा.

शनिवारचं येणं मोजणीच्या आठवड्यानंतर बंद करा. शनिवारी साहेब नसतात, सही होत नाही, दुसरी कार्यालयं बंद असतात, त्यामुळे त्या दिवशीचं काम सोमवारीच पुढे सरकतं. आणि तुमच्या शनिवारांमुळे टेबलावरचा खरा भार कुणाला दिसत नाही.

तो दिसला पाहिजे, कारण वैद्यकीय बिलांच्या टेबलाचं उत्तर तिथूनच द्यायचं आहे. नाही म्हणायचं नाही, आकडा ठेवायचा. दर शुक्रवारी साडेपाचला साप्ताहिक गोषवारा काढा : मागील शिल्लक, आठवड्यातली आवक, एकूण, निकाली, शिल्लक. शिल्लक वयानुसार फोडा : आठवड्याच्या आतली, महिन्याच्या आतली, तीन महिन्यांच्या आतली, त्याहून जुनी. तुमच्या सांगण्याप्रमाणे रोज बारा-पंधरा म्हणजे आठवड्याला ६० ते ७५ कागद येतात. समजा ६५ आले आणि ५० निकाली निघाले, तर काही न बिघडताही आठवड्याला १५ ची भर पडते आणि जुन्या चारशेला हातही लागत नाही. असे तीन आठवड्यांचे गोषवारे जोडून टिप्पणी ठेवा. प्रस्तावात दोन पर्याय द्या : वैद्यकीय बिलं घ्यायची तर रजेची प्रकरणं अमुक टेबलाकडे वर्ग करावीत, किंवा जुनी शिल्लक निघेपर्यंत, म्हणजे तीन महिने, हे टेबल दुसरीकडे ठेवावं. तरीही टेबल दिलंच, तर कार्यभार घेताना प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन बिलांची क्रमांकवार यादी, प्रत्येकाची शेवटची कार्यवाही आणि जावक क्रमांकासह, दोघांच्या सहीनं घ्या. मूळ बिलं आणि डिस्चार्ज कार्ड प्रत्यक्ष मोजून घ्या, त्यांची दुसरी प्रत रुग्णालयाकडून मिळवणं शिक्षकाला फार जड जातं.